पिकअप घ्यायची आहे? आधी कॅरेट मोजा

टोमॅटोचं भरलेलं कॅरेट काट्यावर ठेवलं की साधारण बावीस किलो भरतं. वीसेक किलो माल, बाकी कॅरेटचं वजन. म्हणजे तेराशे किलो पासिंगच्या (कायद्याने तेवढाच माल भरता येणाऱ्या) पिकअपमध्ये कायद्याने एकोणसाठ कॅरेट बसतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या बाजारात सीझनला एक फेरफटका मारा आणि अशा गाडीत किती कॅरेट रचलेत ते मोजा. नव्वद सहज भरतील. नव्वद कॅरेट म्हणजे १,९८० किलो.

गाडी निवडायच्या लेखाची सुरुवात मी कॅरेटपासून करतोय, कारण आत्तापर्यंत तीन पिकअप घेतल्या (एक नवी, दोन जुन्या) आणि तिन्ही वेळा फायदा किंवा तोटा ठरला तो या एका आकड्यावर. कंपनी कुठली, सीट कसली, टेप आहे का, हे सगळं नंतरचं.

तुमचा माल वजनाने भरतो की जागेने?

कांदा, बटाटा, सिमेंट, खत, पाण्याचे जार हा वजनाचा माल. हौदा (मागची माल भरायची जागा) अर्धा रिकामा दिसतो तोवर पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, सपाट झालेले असतात. कोथिंबीर, फुलं, रिकामी कॅरेट, थर्माकोलचे बॉक्स, गाद्या हा जागेचा माल. गाडी वर ताडपत्रीपर्यंत भरते, पण काट्यावर सातशे-आठशे किलोसुद्धा होत नाहीत. पहिल्या प्रकाराला पासिंग जास्त हवी, दुसऱ्याला हौद्याची लांबी. मेथी-कोथिंबीर नेणाऱ्याने दोन टनाची गाडी घेऊन पैसे अडकवू नयेत आणि कांदेवाल्याने हौदा लांब दिसतो म्हणून हलक्या गाडीवर भुलू नये.

आठवडाभर प्रत्येक खेपेचं वजन वहीत लिहा. भाड्याच्या गाडीतून माल जात असेल तर काट्याच्या पावत्या जपून ठेवा. त्यातली सगळ्यात जड खेप बाजूला काढा आणि उरलेल्यांत जी जड ठरेल तेवढी तुमची गरज. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या जड खेपेसाठी भाड्याची गाडी बोलावलेली परवडते.

पासिंग म्हणजे काय हे आरसी बुकावरच लिहिलेलं असतं. एकूण भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, हा तुमचा माल. मात्र हे रिकामं वजन कंपनीतून निघालेल्या गाडीचं असतं. नंतर तुम्ही लोखंडी सांगाडा, उंच जाळी, केबिनवर कॅरियर, पुढे जाड गार्ड लावता, त्याचं सगळं वजन मालातून वजा होतं. माझ्या पहिल्या गाडीवर मी हौसेने केलेलं बांधकाम काट्यावर १४० किलो निघालं. म्हणजे प्रत्येक खेपेला सहा कॅरेट लोखंडच हिंडवत होतो.

एक आकडा लक्षात ठेवा: ३,००० किलो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलात की परमिट काढणं आणि नूतनीकरण करणं आलं. ते काही फार अवघड नाही, पण जुनी गाडी घेताना ‘परमिट संपलंय, होऊन जाईल’ असं कोणी म्हणालं तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

लायसन्सची भीती मात्र मनातून काढा. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं म्हटलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केलं. अपघातानंतर विमा कंपन्या ज्या मुद्द्यावर पैसे अडवायच्या, तो मुद्दा तिथे संपला.

ओव्हरलोडचं काय? सगळे भरतात, मीही भरलंय. कायद्यात दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. दंड कधीतरी होतो. बेअरिंग, क्लच आणि पाट्यांची झीज मात्र रोज होते. रोज दोन टन न्यायचे असतील तर दोन टनाचीच गाडी घ्या. तेराशेची घेऊन तिच्याकडून दोन टन ओढून घेतले तर वाचलेले पैसे तिसऱ्या वर्षी गॅरेजवाल्याला द्यावे लागतात.

नवी की जुनी, हे महिन्यातले दिवस ठरवतात

समजा नव्या गाडीचा हप्ता वीस हजार. विमा, कर, टायर, सर्व्हिसिंग यांची महिन्याची सरासरी आणखी आठ हजार धरा. गाडी दारात उभी राहिली तरी २८,००० गेले. महिन्याला २२ खेपा असतील तर एका खेपेवर १,२७० रुपये पडतात. दहाच खेपा असतील तर २,८००. वर डिझेल. आमच्याकडून माळशेज घाटाने वाशी मार्केट दीडशे किलोमीटरच्या वर आहे. जाऊन-येऊन तीनशे धरले, जाताना भरलेली आणि येताना रिकामी असा सरासरी बाराचा अॅव्हरेज धरला, तर पंचवीस लिटर. लिटर नव्वदच्या घरात, म्हणजे सव्वादोन हजार. टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा.

टोमॅटोचा सीझन काही महिन्यांचा असतो, हप्ता बाराही महिने असतो. म्हणून माझं सरळ मत: महिन्याला वीसच्या आसपास खेपा वर्षभर खात्रीच्या असतील, म्हणजे एखाद्या कंपनीचा माल, दूध, किराणा होलसेल असं काही हातात असेल, तर नवी घ्या. फक्त स्वतःच्या शेताचा माल आणि अधूनमधून शेजाऱ्याचं भाडं असेल तर चार-पाच वर्षांची जुनी बघा. जुनी गाडी बिघडते तेव्हा खर्च येतो. नवीचा हप्ता गाडी उभी असतानाही येतो.

हप्त्याबद्दल एक सापळा सांगतो, कारण यात शिकलेली माणसंही अडकतात. फायनान्सवाला म्हणतो, ‘फक्त नऊ टक्के.’ विचारा: फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर व्याज) की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या कर्जावर व्याज)? आठ लाखांचं कर्ज, चार वर्षं, नऊ टक्के फ्लॅट: व्याज २,८८,०००, हप्ता २२,६६७. तेच नऊ टक्के रिड्युसिंगने हप्ता सुमारे १९,९०० येतो. चार वर्षांत फरक एक लाख बत्तीस हजारांच्या आसपास. नऊ टक्के फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात जवळपास सोळा टक्के. टक्का ऐकूच नका, कागदावर हप्ता आणि महिने लिहून घ्या, गुणाकार करा, आणि जिल्हा बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँकेच्या आकड्याशी ताडून बघा.

नवी घेणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये एक चांगली गोष्ट झाली. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याचा दाब जुन्या गाड्यांच्या किमतींवरही पडणारच. त्यामुळे जुन्या गाडीवाला दोन वर्षांपूर्वीच्या भावाच्या गोष्टी सांगू लागला तर आजच्या नव्या गाडीचं कोटेशन त्याच्यासमोर ठेवा. उलट, २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांसाठी किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर ठरवला गेला. म्हणून नव्या गाडीचा भाव विचारताना शोरूमचा आकडा ऐकू नका, ऑन-रोडचा लेखी घ्या.

कोणती गाडी

यावर गावोगाव भांडणं होतात, मी थोडक्यात आटपतो. बोलेरो पिकअपचं ५० टक्के यश गाडीत आहे आणि ५० टक्के तिच्या पार्टमध्ये. रात्री दोन वाजता घाटाखाली बंद पडली तरी सकाळी आठला तालुक्याच्या दुकानात पार्ट मिळतो आणि कुठलाही मेस्त्री डोळे झाकून खोलतो. इंजिन २,५२३ सीसीचं, सावकाश चालणारं, बिनतक्रार. त्यातलीच बोलेरो मॅक्स २०२२ मध्ये आली. तिच्या वरच्या मॉडेलला दोन टनांपर्यंत पासिंग मिळते. जुन्या बाजारात बोलेरोचा भाव सगळ्यात कडक, म्हणून विकताना आनंद आणि घेताना त्रास.

टाटा योद्धा २,१७९ सीसीची, चढाला दमदार. २०२२ मध्ये तिचीही दोन टनाची आवृत्ती आली. जुनी योद्धा त्याच वर्षाच्या बोलेरोपेक्षा स्वस्तात मिळते, आणि तुमच्या तालुक्यात टाटाचा चांगला मेस्त्री असेल तर माझ्या मते तो फायद्याचा सौदा आहे. पावसाळ्यात बांधावरून माल काढायचा असेल तर तिची फोर बाय फोर बघा. रिकामी पिकअप चिखलात किती लाचार होते, हे ज्याने मागच्या चाकाखाली पाचट टाकलंय त्यालाच माहीत.

अशोक लेलँडची बडा दोस्त आणि टाटाची इंट्रा व्ही ५० या चपट्या तोंडाच्या गाड्या. शहरात वळवायला सोप्या, केबिन ऐसपैस, हौदा लांब. बडा दोस्तचं इंजिन दीड लिटरचं तीन सिलिंडरचं आहे. सपाटीला अॅव्हरेज छान, पण रोज घाट असेल तर भरलेली गाडी चढावर चालवून बघितल्याशिवाय ठरवू नका. महिंद्राची वीरो २०२४ मध्ये आलेली. डिझेल आणि सीएनजी दोन्हीत मिळते.

सीएनजीचा हिशोब शहरात जमतो. पुणे-पिंपरीत दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला जरूर घ्यावी. पण गॅसच्या टाक्यांचं वजन मालातून जातं, पंपावरची रांग वेळ खाते, आणि जुनी सीएनजी घेताना टाक्यांची दर तीन वर्षांनी लागणारी तपासणी झाली आहे का, हे टाकीवरच्या पट्टीवर वाचायला विसरू नका.

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स? सुंदर गाड्या आहेत. लग्नाला न्या, कांदे नका नेऊ.

जुनी बघायला जाताना

सकाळी लवकर जा आणि आधी फोन करून सांगा की गाडी चालू करू नका. पोचलात की पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी चालू करून ठेवली आहे आणि त्याला कारण असतं. थंड इंजिन एका सेल्फमध्ये घेतं का, हे बघा. चालू झाल्यावर ऑइल टाकायचं झाकण काढा. तिथून भकभक वारा आणि धूर येत असेल तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते, रिंगा गेल्यात, इंजिनकाम जवळ आलंय. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल तरी तेच. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो. कूलंटच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर दुसरी गाडी बघा.

पण खरं सांगायचं तर इंजिनकडे सगळेच बघतात. पिकअप मरते ती चेसमध्ये, म्हणजे केबिन आणि हौदा ज्यावर बसतो त्या खालच्या लोखंडी चौकटीत.

माझी दुसरी गाडी मी पंधरा मिनिटांत पसंत केली होती. इंजिन मऊ, खालून चेसला ताजा काळा रंग, मला वाटलं मालक हौशी आहे. चार महिन्यांनी ओतूरच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि हौदा एका बाजूला कलला. मेस्त्रीने रंग खरवडला तर आत जुनी चीर, वर पट्टी ठोकून केलेलं वेल्डिंग, आणि वेल्डिंग झाकायला तो काळा रंग. दलालाने फोन उचलला नाही. तेव्हापासून मी जुनी गाडी बघायला जाताना पाठीवर झोपायला पोतं आणि हातात टॉर्च घेऊनच जातो.

खाली काय बघायचं: केबिन संपते आणि हौदा सुरू होतो तिथला चेसचा भाग, आणि मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसला बसतात ती जागा. ओव्हरलोड गाडी इथेच फुटते. सगळी चेस जुनी, धुळकट आणि एकाच जागी नवा रंग असेल तर तिथे नख मारा. मग पाटे मोजा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचे मोजून ठेवलेले असावेत. एखादा पाटा जास्त टाकलेला असेल तर ती गाडी आयुष्यभर जादा माल ओढत होती, मालक काहीही सांगो. मग गाडीच्या मागे बरोबर मधोमध उभे राहा. हौदा आणि केबिन एका रेषेत नसतील, किंवा गाडी एका अंगाला बसलेली असेल, तर परत फिरा.

गाडीने आधी काय वाहिलं हे विचारा आणि मग वासाने तपासा. कोकणातून आलेली मासळीची गाडी स्वस्त असते. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून गळून चेस, ब्रेकचे पाइप आणि केबिनचा तळ खाऊन टाकतं. मॅट उचलून पाय ठेवायच्या जागेवर अंगठ्याने दाबा. कोंबड्यांची गाडीही पत्र्याला तशीच वाईट. वाळू-खडीची गाडी हौद्याच्या तळावरून ओळखू येते, पत्रा आतून बशीसारखा खोल झालेला असतो. किराणा किंवा बेकरीची गाडी मिळाली तर दहा-वीस हजार जास्त द्यायलाही हरकत नाही.

टायर म्हणजे गाडीचा जबाब. कडेला चार आकडे कोरलेले असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. किलोमीटर चाळीस हजार सांगतात आणि टायर तिसऱ्या जोडीचे दिसतात, असं असेल तर मीटर मागे फिरवलेलं आहे. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची घासलेली बाजू, गिअरच्या मुठीचा झिजलेला नंबर हे मीटरपेक्षा खरं बोलतात. पुढचे टायर एकाच कडेला खाल्लेले असतील तर अलाइनमेंटने भागेल की पुढचं सगळं काम निघेल, ते मेस्त्रीला विचारा.

मग चालवा, आणि रिकामी नको. विकणाऱ्याला सांगा की पाचशे-सातशे किलो काहीही टाका, गोण्या, विटा, माणसं सोडून काहीही. जो नको म्हणतो त्याला काहीतरी माहीत आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबा. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही म्हणजे क्लच प्लेट सरकते. साठच्या वेगात पाय काढल्यावर मागून ‘हूँऽऽ’ असा आवाज आला तर डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) खराब. गिअर टाकून सोडताना खालून ‘टक’ वाजलं तर क्रॉस (खालच्या फिरत्या दांड्याचा सांधा). क्रॉस हजार-दोन हजारांत जातो. डिफरन्शियलचं काम त्याच्या कितीतरी पट, त्यावर भाव पाडा.

एप्रिल २०२० नंतरची गाडी असेल तर ती बीएस ६ (धुराच्या नव्या, कडक नियमांची) आहे. तिला सेन्सर, धुराचा फिल्टर, काही मॉडेलला युरियाची टाकी असं बरंच काही असतं. ती घेताना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन लॅपटॉप लावून घ्या. एवढासा खर्च आहे. ‘फिल्टर काढून टाकलाय, अॅव्हरेज वाढतो’ असं कोणी अभिमानाने सांगितलं तर समजा की पुढच्या आरटीओ तपासणीला तो खर्च तुमच्या गळ्यात. त्याआधीची बीएस ४ गाडी साधी, गावच्या मेस्त्रीच्या हातातली. फक्त तिचं वय बघा.

वयाचा संबंध फिटनेसशी आहे. मालवाहू गाडीचं फिटनेसचं पासिंग (हे वजनाचं नव्हे, आरटीओच्या तपासणीचं) आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. दरवर्षीचं पासिंग म्हणजे रेडियम, रंगरंगोटी, दिवे, स्पीड गव्हर्नर, आणि बुडालेले एक-दोन दिवस. म्हणून साडेसात वर्षांची गाडी पाच वर्षांच्या भावात घेऊ नका.

कागद: इथे घाई केली की पुढे पोलीस स्टेशन

पैसे द्यायच्या आधी एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका. मालकाचं नाव, फिटनेस, विमा, आणि कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलन किती थकलंय ते वेगळं बघा. मी ज्या गाड्या पाहिल्या त्यांपैकी एकीवर एकोणीस चलनं होती. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे एक रुपया नाही. ‘शेवटचे दोन हप्ते राहिलेत, भरून टाकू’ हे वाक्य मी तीन वेळा ऐकलंय. तसं असेल तर ते दोन हप्ते तुम्ही स्वतः बँकेत जाऊन, कर्ज खात्यावर भरा आणि किमतीतून वळते करा.

चेसिस नंबर कागदावर पेन्सिल घासून छापा काढून घ्या आणि आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी नंबर प्लेट बसली आहे का बघा, नाहीतर तेही काम तुमच्याकडे येतं.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. दुसऱ्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून आणत असाल तर फॉर्म २८ ची एनओसी. सह्या झाल्या म्हणजे झालं असं समजून आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. हे विकणाऱ्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. माझी पहिली गाडी मी विकली आणि घेणाऱ्याने सात महिने नाव लावलं नाही. त्याची चलनं माझ्या मोबाइलवर येत राहिली. शेवटी त्याच्या दारात जाऊन बसलो तेव्हा काम झालं. आता मी पाचशेच्या स्टॅम्पवर विक्रीचा करार आणि डिलिव्हरी नोट करतो, त्यात तारखेसोबत गाडी ताब्यात दिल्याची वेळही लिहितो: संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटं. त्याच रात्री काही झालं तर ही दहा मिनिटं लाखाची असतात.

विमा नाव बदलल्यापासून चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीसोबत येत नाही, त्यामुळे थोडे पैसे वाढतात. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला १६,०४९ रुपये होता. त्यात फार घासाघीस होत नाही, घासाघीस करायची ती आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हिश्शात. दोन गोष्टी मात्र मागून घ्या. एक, आयएमटी २३ ही पॉलिसीतली जादा तरतूद, कारण ते नसलं तर मालवाहू गाडीचे दिवे, मडगार्ड, बंपर, रंग यांचे पैसे विमा कंपनी देत नाही. दोन, पगारी ड्रायव्हर आणि हमालाची जोखीम. काही शेकड्यांचा प्रश्न असतो आणि एजंट स्वतःहून सांगत नाही.

गाडी घरी आल्यावर पहिल्या खेपेआधी एक दिवस मेस्त्रीकडे द्या. इंजिन ऑइल, गिअर आणि डिफरन्शियलचं ऑइल, सगळे फिल्टर, फॅन बेल्ट बदला, चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस भरा, पाट्यांचे यू-बोल्ट आवळून घ्या. आधीच्या मालकाने ‘मागच्याच महिन्यात केलंय’ म्हटलं असेल तरी करा. पहिल्या आठवड्यात निम्मा माल भरा, उतरल्यावर प्रत्येक चाकाच्या मधोमध हात लावून बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर त्याचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग बोलायला लागलंय, आणि ते माळशेजच्या उतारावर कळण्यापेक्षा घराच्या अंगणात कळलेलं बरं.